साहेबांचे कँटनप्रयाण

परदेशी व्यापाऱ्याने चिनी शहरात कसे वागावे, या विषयावरील मार्गदर्शनपर वाङ्मय आज उदंड झाले असले, तरी या वाङ्मयप्रकाराचा मूळ ग्रंथ कोणता असे विचारल्यास छिंग राजवटीने कँटन बंदरासाठी काढलेल्या नियमावलीकडेच बोट दाखवावे लागेल. कँटन हे ग्वांगझौ या दक्षिण चिनी शहराचे जुने, पोर्तुगिजांच्या तोंडी घडलेले नाव. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य जहाजांना व्यापारासाठी चीनचे हे एकच बंदर मोकळे होते, आणि तेथे उतरलेल्या परदेशी माणसाने काय करू नये याची जी यादी १७५९ मध्ये निघाली व पुढे वेळोवेळी वाढत गेली, तिच्यात आजच्या कोणत्याही मार्गदर्शकाला हेवा वाटावा असा नेमकेपणा आहे. परदेश्यांनी नदीकाठच्या ठरावीक वखारींतच राहावे. हंगाम संपताच शहर सोडावे. बायका आणू नयेत. बंदुका आणू नयेत. पालखीत बसू नये. सरकारमान्य व्यापाऱ्यांखेरीज कोणाशीही व्यवहार करू नये. आणि फारच कोंडल्यासारखे वाटू लागले तर चांद्र महिन्याच्या ८, १८ आणि २८ या तिथींना, एका वेळी दहाहून अधिक जण होणार नाहीत अशा बेताने, फुलबागांत जाऊन हवा खाऊन यावे, मात्र रात्री वखारीत हजर असावे. कर्मचाऱ्याच्या परदेशदौऱ्याची इतकी काटकसरी आणि निर्मळ कल्पना त्यानंतर कोणत्याही कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला सुचलेली नाही.

परदेश्याला चिनी भाषा शिकवण्यालाही या व्यवस्थेचा सक्त विरोध होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जेम्स फ्लिंट नावाच्या दुभाष्याने ती भाषा शिकून घेतली आणि १७५९ मध्ये कँटनच्या अधिकाऱ्यांविरुद्धची तक्रार थेट सम्राटापर्यंत पोचवली. परिणामी फ्लिंटला मकाऊत तीन वर्षे कैदेत काढावी लागली आणि त्याला अर्ज लिहून देणाऱ्या चिनी माणसाला देहदंड झाला. तेव्हा आजचा अधिकारी 'नी हाउ' आणि 'श्ये श्ये' एवढेच दोन शब्द पाठ करून विमानात बसतो, ही त्याची आळशी वृत्ती नसून ऐतिहासिक सावधगिरी आहे, असा युक्तिवाद करता येण्याजोगा आहे. नियम गेले, वखारी गेल्या, सम्राटही गेला. परंतु पाहुणा सुखात असावा आणि शक्यतो नजरेसमोर असावा, हा त्या नियमावलीमागचा मूळ हेतू मात्र यजमानांच्या आतिथ्यात इतका मुरलेला आहे की, दौऱ्यावर आलेल्या साहेबांना आपण शहर पाहत आहोत असे वाटत असताना बहुधा शहरच त्यांना पाहत असते.

अशा दौऱ्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला ग्वांगझौ फार सोयीचे आहे, कारण २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ८७ लाख वस्तीच्या या शहरात १९५७ पासून वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात, 'कँटन फेअर' भरतो. त्याचे अधिकृत नाव 'चीन आयात-निर्यात मेळा' असले तरी ते नाव केवळ फलकांवर आढळते. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीतही या मेळ्यात खंड पडला नाही, यावरून क्रांती आणि निर्यात यांपैकी कोणती गोष्ट थांबवता येत नाही याचा बोध होतो. पाझौ बेटावरील त्याच्या संकुलात सुमारे साडेपंधरा लाख चौरस मीटर प्रदर्शनक्षेत्र आहे, त्यामुळे दौऱ्याच्या तयारीत व्यापारविषयक अहवालापेक्षा जुन्या, पायाला सरावलेल्या बुटांचा विचार आधी करावा. नव्या बुटांचे उद्घाटन येथे करणारा अधिकारी तिसऱ्या दालनानंतर कोणत्याही भावाला होकार देण्याच्या मनःस्थितीत येतो. मेळा पाच-पाच दिवसांच्या तीन टप्प्यांत विभागलेला असतो: पहिल्यात यंत्रे व विजेची उपकरणे, दुसऱ्यात घरगुती व शोभेच्या वस्तू, तिसऱ्यात कापडचोपड, खेळणी, औषधोपयोगी वस्तू इत्यादी. टॉवेलांच्या व्यापाऱ्याने पहिल्या टप्प्याचे तिकीट काढले, तर त्याला पाच दिवस वेल्डिंगच्या यंत्रांकडे जाणकाराच्या मुद्रेने पाहत हिंडावे लागते.

मुंबईकराने या बेटावर उतरताना थोडा वेळ थांबून नदीकडे पाहायला हरकत नाही, कारण जवळच व्हँपोआ, म्हणजे आजचे हुआंगपू, या नांगरवाड्यात एकेकाळी मुंबईहून आलेली कापसाची आणि अफूची जहाजे उभी राहत. आज ज्यांच्या नावाने मुंबईत रुग्णालय आणि कलाशाळा चालते, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी चीनच्या सफरी करूनच आपल्या संपत्तीचा पाया घातला, आणि त्यांपैकी एका सफरीत, १८०५ मध्ये, त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले. विमान दोन तास उशिरा सुटल्याबद्दल वरिष्ठांना ईमेल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने ही गोष्ट स्मरणात ठेवावी. पारशी स्त्रियांच्या कपाटांतील गारा साड्यांवरचे भरतकाम याच व्यापारातून आले. त्या काळी मुंबईहून जहाज भरून जात असे आणि भरून येत असे. आता साहेब रिकामी बॅग घेऊन जातात व मालाच्या माहितीपुस्तकांनी भरलेली बॅग घेऊन येतात, आणि वजनाच्या मर्यादेचा प्रश्न मात्र त्या काळापेक्षा बिकट झाला आहे.

प्रस्थानापूर्वीच्या बाबी थोडक्यात सांगता येतील. व्यापारी कामासाठी 'एम' वर्गाचा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी चिनी यजमान कंपनीचे निमंत्रणपत्र जोडावे लागते, ज्यावर तिचा गोल तांबडा शिक्का असणे इष्ट. या शिक्क्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. चीनमधून पुढे तिसऱ्या देशाला जाणाऱ्या पन्नासहून अधिक देशांच्या नागरिकांना २४० तासांपर्यंत व्हिसाविना राहण्याची मुभा आहे, तथापि त्या यादीत भारताचे नाव नाही, म्हणून एखाद्या जर्मन सहकाऱ्याने दिलेला या संबंधीचा सल्ला ऐकून सोडून द्यावा. २०२० मध्ये बंद पडलेली थेट विमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझौ मार्गाने पुन्हा सुरू झाली. घड्याळ अडीच तास पुढे करावे लागते, आणि संपूर्ण चीनमध्ये एकच प्रमाणवेळ असल्याने ते पुन्हा कोठेही बदलावे लागत नाही, एवढी एक गोष्ट तरी साहेबांना स्वतःहून साधते. दौऱ्याच्या तारखा ठरवताना चांद्र नववर्षाचे दिवस आणि १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुटीचा आठवडा टाळावा, कारण या काळात अवघा देश प्रवासाला निघालेला असतो आणि कारखान्यात केवळ पहारेकरी भेटतो.

दळणवळणाचा प्रश्न मात्र अधिक चिंतनीय आहे. चिनी व्यापारी 'वीचॅट' या ॲपवर जगतो: त्याचे संभाषण, त्याचे पैसे, त्याचे भेटकार्ड आणि त्याच्या मुलीचे शाळेतील नृत्य, हे सर्व तेथेच असते. भारताने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ ॲपांवर बंदी घातली त्यांत वीचॅट होते. उलट भारतीय व्यापारी व्हॉट्सॲपवर जगतो, आणि व्हॉट्सॲप, गूगल इत्यादी सेवा चीनमध्ये अडवलेल्या आहेत. म्हणजे जगातील दोन सर्वांत मोठ्या लोकसंख्यांचे व्यापारी परस्परांना माल विकण्यास उत्सुक असून परस्परांना 'गुड मॉर्निंग' पाठवण्याची सोय मात्र दोन्ही सरकारांनी आपापल्या परीने बंद करून ठेवली आहे. सूर्योदयाच्या चित्रांपासून चिनी उद्योजकांचे अशा रीतीने रक्षण झाले आहे, ही या धोरणाची जमेची बाजू मानावी लागेल. व्यवहारतः भारतीय सिमवरील रोमिंग घेतल्यास त्याचा डेटा स्वदेशातील कंपनीमार्गे वळत असल्याने नेहमीची ॲपे बहुधा चालतात, परंतु हॉटेलच्या वायफायला जोडताच ती गप्प होतात. ज्याला कार्यालयापासून दोन दिवस शांतता हवी असेल त्याने कोणता पर्याय निवडावा हे सांगण्याची गरज नाही.

पैशांच्या बाबतीत भारतीय अधिकाऱ्याची स्थिती इतर परदेश्यांहून निराळी असते. युरोपीय पाहुणा चिनी फेरीवाल्याकडील क्यूआरचा चौकोन पाहून थक्क होतो व त्यावर लेख लिहितो. भारतीयाने तो चौकोन आपल्या गल्लीतील भाजीवालीच्या टोपलीवर पाहिलेला असल्याने तो मुळीच थक्क होत नाही, ऐटीत फोन पुढे करतो, आणि मग त्याला कळते की दोन्ही देशांचे चौकोन दिसायला सख्खे भाऊ असले तरी एकमेकांशी बोलत नाहीत. उपाय असा की निघण्यापूर्वीच 'अलीपे' हे ॲप घेऊन त्याला आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड जोडावे. २०२३ पासून ही सोय परदेशी कार्डांसाठी चांगली सुरू झाली आहे, आणि २०० युआनपर्यंतच्या खर्चावर जादा आकार पडत नाही, त्यापुढे ३ टक्के पडतो. रोख नोटा नाकारण्याची दुकानदाराला परवानगी नाही, परंतु शंभराची तांबडी नोट पुढे केल्यावर सुटे शोधण्यासाठी तो ज्या खणाची उचकापाचक करतो, तो खण त्याच्या वडिलांनंतर कोणी उघडलेला नसतो.

हॉटेल, टॅक्सी आणि हवा यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हॉटेलचे चिनी लिपीतील कार्ड खिशात ठेवावे, कारण इंग्रजी नाव कितीही मोठ्याने उच्चारले तरी चालकाला ते कळत नाही. बक्षिसी देण्याची रीत नाही. वसंतातील दमट हवेत तेथील भिंतींनाही घाम फुटतो, हे कोकणातल्या माणसाला नवल वाटणार नाही. दुपारी बारा वाजता कार्यालये जेवतात आणि त्यानंतर दिवे मंदावून टेबलावर डोके टेकले जाते. या काळात फोन करणारा परदेशी पाहुणा उद्यमशील ठरत नाही, असंस्कृत ठरतो, आणि वामकुक्षी हा ज्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे त्या भाषेच्या माणसाने तर ही चूक करूच नये. पिण्यास सर्वत्र गरम पाणी मिळते. डोकेदुखी, अपचन, विरह आणि मंदी या चारही विकारांवर चिनी यजमान गरम पाणीच सुचवतो, आणि आयुष्यभर फ्रीजमधील बाटलीवरून आजीची बोलणी खाल्लेल्या साहेबांना परदेशात येऊन आजीच्या बाजूने एवढे मोठे बहुमत पाहावे लागते.

दौऱ्याचे खरे कामकाज बैठकीच्या खोलीत होत नसून जेवणाच्या टेबलावर होते, हे सर्व मार्गदर्शक सांगतात. ते टेबल गोल असते आणि फिरते, हेही सांगतात. परंतु ग्वांगझौचे टेबल उत्तर चीनच्या टेबलाहून भिन्न आहे याकडे त्यांचे दुर्लक्ष होते. येथील मुख्य संस्था म्हणजे 'यम चा'. या कँटनी शब्दाचा अर्थ केवळ 'चहा पिणे' असा आहे. परंतु महाराष्ट्रात 'चहाला या' या निमंत्रणात जसे पोहे गृहीत असतात, तसे येथे बांबूच्या करंड्यांत वाफवलेले डझनभर पदार्थ गृहीत असतात, ज्यांना एकत्रितपणे 'डिम सम' म्हणतात. टेबलावर प्रथम कडक चहाची किटली आणि एक रिकामे मोठे भांडे येते. या चहाने आपली वाटी, पेला आणि काड्या विसळून ते पाणी त्या भांड्यात ओतायचे असते. ते न कळल्याने पहिला चहा भक्तिभावाने पिऊन टाकणारे पाहुणे यजमानांनी पुष्कळ पाहिलेले आहेत व ते काही बोलत नाहीत. कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटे वाकवून टेबलावर हलके टकटक करावी. सम्राट छ्येनलुंग वेश पालटून हिंडत असताना त्याने सेवकाला स्वतः चहा ओतून दिला, आणि उघडपणे साष्टांग नमस्कार घालणे शक्य नसल्याने सेवकाने बोटांनाच गुडघे टेकायला लावले, अशी या रिवाजाची दंतकथा आहे. हाच छ्येनलुंग उपरोक्त १७५९ च्या नियमावलीच्या वेळी गादीवर होता, त्यामुळे परदेशी व्यापाऱ्याने त्याच्या नावाने टेबल वाजवावे यात काव्यगत न्याय आहे. किटली रिकामी झाली की हाका मारू नयेत, झाकण तिरके करून ठेवावे.

शाकाहारी अधिकाऱ्याचा प्रश्न येथे टाळता येत नाही. 'मांस नको' एवढे सांगणे पुरेसे नसते, कारण तेथील समजुतीप्रमाणे मांस म्हणजे मांसाचा नजरेत भरणारा तुकडा. भाजीवर भुरभुरलेला खिमा हा मसाल्यात जमा होतो, आणि मुळ्याच्या वाफवून परतलेल्या निरागस वडीत सुकट असते. मालवणच्या माणसाला हा योग आनंददायक वाटेल, परंतु सर्वच साहेब मालवणचे नसतात. अशा वेळी 'जाइ' हा कँटनी शब्द कामी येतो. जाइ म्हणजे बौद्ध पद्धतीचा सोवळा आहार, जो अनेक श्रद्धाळू लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पाळतात. त्यात मांस-मासे तर नाहीतच, पण कांदा आणि लसूणही वर्ज्य असतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला ग्वांगझौच्या मोती नदीच्या काठी घरच्यापेक्षा कडक चातुर्मास भेटतो. केवळ एकच धक्का राहतो: जाइ उपाहारगृहांत सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून केलेले बदक, मासा आणि कोलंबी इतक्या हुबेहूब असतात की, व्रतस्थ पाहुणा ताटाकडे पाहून उपाशी उठण्याचा संभव असतो.

औपचारिक मेजवानीत यजमान दरवाजाकडे तोंड करून बसतो आणि प्रमुख पाहुण्याला आपल्या उजव्या हाताला बसवतो. प्रमुख पाहुण्याने सुरुवात केल्याशिवाय इतरांनी खाऊ नये असा संकेत आहे, तर भारतीय पाहुणा 'आधी तुम्ही' म्हणत हात आवरून बसतो. या दोन सभ्यता समोरासमोर आल्या की सूप निवते. माशाचे डोके प्रमुख पाहुण्याकडे वळवून ठेवतात, आणि वरची बाजू संपल्यावर मासा उलटायचा नसतो, कारण या किनाऱ्यावरच्या लोकांच्या समजुतीप्रमाणे मासा उलटला की होडी उलटते. मधला काटा उचलून खालची बाजू खावी. काड्या भातात उभ्या खोचू नयेत, ते पितरांपुढील उदबत्त्यांसारखे दिसते. याहून अवघड नियम पानात टाकण्यासंबंधीचा आहे. मराठी मुलाला लहानपणी जे अनेक धपाटे मिळतात त्यांतील निम्मे पानात अन्न टाकल्याबद्दलचे असतात, म्हणून साहेब वाढलेले सर्व संपवतात. रिकामे ताट म्हणजे आपण कमी वाढले असा अर्थ लावून यजमान पुन्हा वाढतो. साहेब पुन्हा संपवतात. ही क्रिया तत्त्वतः अनंत चालू शकते. अन्नाची नासाडी रोखणारा कायदा चीनने २०२१ मध्ये केला असला तरी यजमानाच्या हातातील डावापर्यंत तो अद्याप पुरता पोचलेला दिसत नाही. मद्याच्या बाबतीत कँटनी माणूस उत्तरेकडच्या मानाने संयमी समजला जातो; तरीही पन्नास अंशांहून कडक 'बायज्यू' पुढे आलीच, तर पेले भिडवताना आपल्या पेल्याची कड ज्येष्ठाच्या पेल्यापेक्षा खाली ठेवावी. दोघेही विनयशील निघाल्यास दोन्ही पेले टेबलाच्या पातळीखाली जातात आणि बाकीचे पाहुणे वाकून पाहू लागतात.

आकड्यांविषयी सावधगिरी बाळगणे हा अंधश्रद्धेचा भाग नसून भाव ठरवण्याचा भाग आहे. चार या अंकाचा उच्चार 'मृत्यू'च्या जवळचा, आणि कँटनी बोलीत चौदा म्हणजे 'नक्की मरण' असे ऐकू येत असल्याने अनेक इमारतींच्या लिफ्टमध्ये हे मजलेच नसतात. आठ हा अंक समृद्धीशी जुळणारा असल्याने मोटारींच्या पाट्यांवर त्याची गर्दी असते. परंतु खरा खड्डा २५० या आकड्यात आहे. 'अर्-बाइ-वू', म्हणजे अडीचशे, ही चिनी भाषेत मूर्ख माणसासाठीची शिवी आहे. मराठीने शहाणपणाचे माप दीडवर नेऊन 'दीडशहाणा' घडवला, कायद्याने फसवणुकीला ४२० दिले व १ जुलै २०२४ पासून ते कलम काढून घेतले तरी लोकांनी आकडा परत केला नाही. चिनी माणसाने त्याच कामासाठी २५० योजले आहेत. यास्तव नगाचा भाव २५० युआन सांगण्याऐवजी २४८ सांगावा, ज्यात चार असला तरी शेवटी आठ येतो, दोन युआन वाचतात, आणि कोणी कोणाला मूर्ख म्हणत नाही. भेटवस्तू म्हणून कंपनीचे बोधचिन्ह असलेले घड्याळ देण्याची भारतीय कंपन्यांना मोठी आवड असते. 'घड्याळ भेट देणे' आणि 'अंत्यसंस्कारास जाणे' यांचे उच्चार तेथे सारखे आहेत. हिरवी टोपीही देऊ नये. तिचा संबंध पत्नीच्या एकनिष्ठेशी असून तो खुलासा दुभाष्याकडून करून घेण्यासारखा नाही.

वाटाघाटींत उतरणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की प्रमाण चिनीत 'खरेदी' आणि 'विक्री' हे दोन्ही शब्द 'माय' असेच आहेत. खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात म्हटले तर खरेदी, वरून कोसळणाऱ्या सुरात म्हटले तर विक्री, आणि दोन्ही जोडून म्हटले तर व्यापार. संगीताचा कान नसलेल्या माणसाने चिनी बोलून व्यवहार करू नये, असे जे छिंग अधिकाऱ्यांचे मत असावे, ते या एका शब्दापुरते तरी न्याय्य ठरते. होकार-नकाराचीही अशीच गत आहे. स्पष्ट नकार देणे म्हणजे समोरच्याचे 'म्येन्-झ' घालवणे. या शब्दाचा अर्थ 'तोंड' असा असून 'तोंड दाखवायला जागा न उरणे' हा वाक्प्रचार ज्यांना ठाऊक आहे त्यांना यावरील इंग्रजी पुस्तके वाचण्याचे कारण नाही. म्हणून नकाराऐवजी 'येन्‌ज्यू येन्‌ज्यू', म्हणजे 'अभ्यास करू, अभ्यास करू', असे उत्तर मिळते. 'विषय विचाराधीन आहे' या वाक्यावर ज्यांची हयात गेली त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगणे नलगे. मात्र चिनी लोकांनी स्वतःच त्यावर अशी कोटी केली आहे की सूर किंचित बदलला तर 'येन्‌ज्यू' म्हणजे 'तंबाखू आणि दारू', अर्थात अभ्यास कशाने वेग घेतो तेही शब्दातच सांगितलेले आहे.

कारखान्याकडून हमखास ऐकू येणारा आणखी एक शब्द 'चाबुदो', म्हणजे 'फारसा फरक नाही'. नमुना निळा आणि माल जांभळट आला, तरी चाबुदो. 'चालतंय की' म्हणणाऱ्या देशातून आलेल्या ग्राहकाला या तत्त्वज्ञानाविषयी तात्त्विक आक्षेप घेता येत नाही, म्हणून त्याने मान्य केलेल्या नमुन्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. सर्वसाधारणपणे तीस टक्के रक्कम आगाऊ आणि सत्तर टक्के माल चढवण्याच्या सुमारास दिली जाते; तेव्हा सत्तर टक्के हातात असेपर्यंतच माल तपासून घ्यावा. 'एफओबी' या अटीवर सौदा झाला असेल, तर ग्वांगझौच्या नान्शा बंदरात माल जहाजावर चढला की त्यापुढील वादळ, गंज आणि न्हावाशेवातील प्रतीक्षा ही सर्व खरेदीदाराची. मध्येच 'आमचे बँक खाते बदलले आहे' अशी ईमेल आली तर पैसे पाठवण्यापूर्वी ओळखीच्या माणसाला ओळखीच्या क्रमांकावर फोन करावा. हा या लेखातील सर्वांत नीरस सल्ला असून सर्वांत किफायतशीर आहे.

आता शिक्का. चिनी कंपनीचे बंधन सहीपेक्षा शिक्क्यात असते. मधोमध तारा असलेला हा गोल तांबडा शिक्का पोलीस खात्याकडे नोंदवलेला असतो, आणि त्याशिवाय कराराचा, हिशेबाचा, पावत्यांचा असे वेगवेगळे शिक्के असतात. शिक्का ज्याच्या हाती त्याच्या हाती कंपनी, म्हणून २०२० मध्ये बीजिंगमधील ऑनलाइन पुस्तकविक्रीच्या एका नामांकित कंपनीच्या संस्थापकाने मालकीच्या भांडणात कार्यालयात जाऊन डझनावारी शिक्केच उचलून नेले होते. करारावर चिनी नावाचा शिक्का आहे ना, हे पाहावे. कंपनीच्या इंग्रजी नावाला तेथे कायद्याची मान्यता नसते आणि 'ग्रेट', 'गोल्डन', 'युनिव्हर्सल' इत्यादी शब्द हवे तितके जोडता येतात. चीनमधील परदेशी व्यापारी या शिक्क्याला 'चॉप' म्हणतात व तो अस्सल चिनी शब्द आहे अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः तो आपला 'छाप' आहे, जो भारतातून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर जुन्या कँटनच्या बाजारभाषेत गेला. तेथील चांदीचे डॉलर पारखून त्यांवर खूण उठवणाऱ्या माणसाला 'श्रॉफ' म्हणत, म्हणजे सराफ. हाँगकाँगच्या वाहनतळांवर पैसे भरण्याच्या खिडकीवर आजही हा शब्द झळकतो. जहाजाने सर्व देणी चुकती केल्यावर जो भला मोठा शिक्का मारलेला परवाना मिळे त्याला 'ग्रँड चॉप' म्हणत, आणि तो हाती आल्याखेरीज कँटन सोडता येत नसे. म्हणजे चिनी व्यापाराची गुंतागुंत समजावून देणाऱ्या सल्लागाराला साहेब जे मानधन देतात, त्यातील काही भाग 'छाप' आणि 'सराफ' हे शब्द पुन्हा विकत घेण्यासाठी खर्च होत असतो.

ग्रँड चॉपची आजची आवृत्ती म्हणजे 'फापियाव'. ही करखात्याची अधिकृत पावती असून दुकानदार देतो ती साधी पावती म्हणजे फापियाव नव्हे, आणि हा भेद न कळलेल्या अधिकाऱ्याला दौऱ्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. ग्राहकाने ती मागावी व दुकानदाराला कर बुडवता येऊ नये, म्हणून कागदी फापियावाच्या काळात अनेक शहरांत तिच्यावर खरवडून बक्षीस शोधण्याची जागासुद्धा ठेवलेली असे. पाच युआनच्या आशेने भर मेजवानीनंतर नाण्याने पावती खरवडणारे प्रतिष्ठित लोक हे त्या काळचे परिचित दृश्य होते. आता ती फोनवर येते. साहेब ती परतल्यावर कार्यालयात छापून घेतात आणि हिशेब विभागाकडे पाठवतात, जेथे बसलेल्या कारकुनाला त्यातील एकही अक्षर वाचता येत नाही. जेवण कोणते होते, माणसे किती होती, बदक होते की सोयाबीनचे बदक होते, यांपैकी काहीच त्याला उलगडत नाही. मात्र कागदाच्या माथ्यावर, मधोमध, करखात्याची लंबगोल तांबडी छाप असते. कारकून चष्मा वर करून ती छाप पाहतो, कागद उलटून कोरी बाजूही पाहतो, आणि शेजारी आपला निळा शिक्का मारून पुढचा कागद घेतो.